एकच पावती नंबर, दोन ट्रॅक्टर : फाइल सिस्टिममधल्या रेस कंडिशन शोधायच्या कशा, मिटवायच्या कशा

कापसाचा हंगाम भरात असला की तालुक्याच्या जिनिंगमध्ये रात्री दहालाही ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर असते. समजा, तिथे दोन काटे आहेत. मोठा ट्रक-ट्रॅक्टरचा, छोटा बंडीचा. दोन्हीकडचे टर्मिनल ऑफिसातल्या एकाच लिनक्स मशिनवर लॉगिन होतात. शेवटचा पावती नंबर 'क्रमांक' नावाच्या एका फाइलीत असतो. प्रोग्राम ती फाइल वाचतो, एक मिळवतो, परत लिहितो आणि पावती छापतो. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चालतं, आणि मग एका रात्री हे होतं :

मोठा काटा : फाइल वाचली, मिळाले ४१७
छोटा काटा : फाइल वाचली, मिळाले ४१७
मोठा काटा : ४१८ लिहिलं, पावती छापली, निव्वळ वजन २१.४० क्विंटल
छोटा काटा : ४१८ लिहिलं, पावती छापली, निव्वळ वजन ६.८५ क्विंटल

नोंद 'पावत्या/४१८' या नावाने साठवली जात असेल तर दुसऱ्या नोंदीने पहिली पुसली. ट्रॅक्टरवाल्याच्या हातात कागद आहे, मशिनमध्ये मात्र बंडीवाल्याचे ६.८५ क्विंटलच आहेत. कुठलाही एरर आला नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला तर बरोबर चालतो. रेस कंडिशन ती हीच. निकाल कोडवर न ठरता कोण आधी पोहोचलं यावर ठरतो.

यातला प्रत्येक दोष शेवटी एकाच जागी येऊन थांबतो : आधी बघितलं, नंतर केलं, आणि मधल्या फटीत दुसऱ्याने हात घातला. फट लहान केल्याने दोष जात नाही, फक्त सापडायला अवघड होतो. बघणं आणि करणं एकाच पावलात आलं पाहिजे, आणि ते पाऊल कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) टाकलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच कामाच्या आहेत.

फट कुठे आहे ते मोजा

आधी प्रोग्राम फाइलींशी नेमकं काय बोलतो ते ऐका. त्यासाठी 'एसट्रेस' हे साधन पुरतं. त्याला '-एफ' द्या म्हणजे पोटातून निघालेल्या प्रोसेसही दिसतात, '-टीटी' द्या म्हणजे प्रत्येक कॉलची (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीची) वेळ मायक्रोसेकंदापर्यंत दिसते. इथे बरेच जण फसतात : ट्रेसमध्ये फक्त 'फाइल' हा गट मागितला तर नाव घेऊन होणारे कॉल दिसतात (ओपन, स्टॅट म्हणजे फाइलीची माहिती विचारणं, रीनेम, अनलिंक म्हणजे पुसणं), पण रीड, राइट आणि एफलॉक दिसत नाहीत. ते 'डेस्क' गटात असतात, म्हणजे डिस्क्रिप्टरवरचे कॉल (डिस्क्रिप्टर हा उघडलेल्या फाइलीसाठी कर्नलने दिलेला नंबर). दोन्ही गट मागा.

आलेल्या यादीत जोड्या शोधा. 'स्टॅट' आणि लगेच त्याच नावाने 'ओपन', 'ॲक्सेस' आणि मग 'ओपन', 'रीड' आणि त्याच फाइलीवर 'राइट', 'आहे का' विचारून 'अनलिंक'. प्रत्येक जोडीपुढे दोन कॉलमधला वेळ लिहा. फाइल पेज कॅशमध्ये (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या प्रतीत) असेल तर वाचण्या-लिहिण्यातलं अंतर दहा-वीस मायक्रोसेकंदांचं निघतं, आणि एवढ्याशा फटीत कोण येतंय असं वाटतं. पण काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर ९६०० बॉडने बोलतो. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वजनाची १६ अक्षरांची ओळ यायला साधारण १७ मिलिसेकंद जातात. प्रोग्राम नंबर आधी वाचून वजन नंतर घेत असेल, तर फट हजार पटीच्या आसपास पोहोचली. आणि मधे 'वजन बरोबर आहे का?' असं मापाऱ्याला विचारून बटणाची वाट पाहत असेल तर फट काही सेकंदांची. उन्हाळ्यात दिवसाला चार पावत्या निघतात तेव्हा कुणी धडकत नाही. हंगामात दोन्ही काटे सतत चालू असतात, तेव्हा धडक ठरलेलीच.

त्यामुळे पहिली दुरुस्ती लॉकशिवायच होते. क्रम बदला. आधी वजन पक्कं करा, मापाऱ्याची मान डोलू द्या, आणि नंबर अगदी शेवटी घ्या. याने दोष मिटत नाही, पण पुढे लॉक लावल्यावर ते सेकंदभर अडकून बसणार नाही.

दोष मुद्दाम घडवून आणा

जो दोष घडवता येत नाही तो दुरुस्त झाला हेही कळत नाही. सापडलेल्या फटीत, वाचल्यानंतर आणि लिहिण्याआधी, दोन सेकंदांची झोप घाला. दोन टर्मिनल उघडा, दोन्हीकडे प्रोग्राम चालवा. सारखा नंबर पहिल्याच फेरीत येईल. मग झोप काढून टाका आणि दोन प्रोसेसना प्रत्येकी १,००० वेळा नंबर घ्यायला लावा. शून्यापासून सुरुवात केली तर शेवटी फाइलीत २,००० हवेत. जेवढे कमी, तेवढ्या वाढी हरवल्या. दिलेले सगळे नंबर वेगळ्या फाइलीत साठवून 'सॉर्ट' आणि मग 'युनिक -डी' मधून काढा, दुबार गेलेला प्रत्येक नंबर समोर येतो. ही चाचणी फेकू नका, प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच चालवायची आहे.

एक ताकीद. काही जण झोपेलाच औषध समजतात, 'छोट्या काट्याला अर्धा सेकंद थांबायला लावलं, आता येत नाही' म्हणतात. तो योगायोग आहे. मशिनवर बॅकअप चालू झाला, डिस्क दमली, की तो अर्धा सेकंद पुरत नाही.

लॉक : कुठे लावायचं आणि कुठे नाही

'एफलॉक' हा कॉल एक्सक्लुझिव्ह लॉक देतो. एकाकडे असेपर्यंत दुसरा थांबतो. पण लॉक 'क्रमांक' फाइलीवरच लावू नका. शेजारी 'क्रमांक.लॉक' अशी रिकामी फाइल ठेवा आणि त्यावर लावा. कारण एफलॉक नावाला लागत नाही, उघडलेल्या फाइलीला, पर्यायाने आयनोडला (फाइल सिस्टिममधल्या तिच्या मूळ नोंदीला) लागतं. पुढे आपण 'क्रमांक' फाइल रीनेमने बदलणार आहोत, म्हणजे दर वेळी त्या नावाखाली नवा आयनोड येणार. लॉक जुन्यावर राहील आणि नवा आलेला नव्या आयनोडवर खुशाल स्वतःचं लॉक घेईल.

याच कारणाने लॉक फाइल कधी पुसू नका. 'काम झालं, आता स्वच्छता' म्हणून पुसणारा कोड फार ठिकाणी दिसतो. पहिल्याने लॉक घेतलं, दुसरा त्याच फाइलीवर वाट पाहतोय. पहिल्याने फाइल पुसली आणि लॉक सोडलं. दुसऱ्याला पुसलेल्या आयनोडवर लॉक मिळालं. तिसरा आला, त्याला नाव सापडलं नाही, त्याने नवी फाइल तयार करून तिच्यावर लॉक घेतलं. आता आत दोघे आहेत, दोघांकडेही अगदी कायदेशीर लॉक. पुसणं टाळताच येत नसेल तर लॉक मिळाल्यावर हातातल्या डिस्क्रिप्टरवर 'एफस्टॅट' आणि नावावर 'स्टॅट' करा. डिव्हाइस आणि आयनोड नंबर जुळले नाहीत तर सोडून पुन्हा पहिल्यापासून. रिकामी फाइल ठेवायला काही लागत नाही, राहू द्या पडून.

आता प्रिंटरचा घोळ. लॉक घेतलेल्या अवस्थेत छपाईची प्रोसेस मागे सोडली, तर तिला लॉक फाइलीचा डिस्क्रिप्टर वारशात मिळतो. एफलॉक तोवर सुटत नाही जोवर त्या उघडलेल्या फाइलीच्या सगळ्या प्रती बंद होत नाहीत, किंवा कुणी स्पष्टपणे अनलॉक करत नाही. मुख्य प्रोग्राम अनलॉक न करता नुसता 'क्लोज' करून मोकळा झाला, इकडे प्रिंटरमधला कागद संपला, छपाईची प्रोसेस अडकली, आणि दोन्ही काटे ठप्प. बाहेर रांगेत शिव्या चालू, आणि मशिनवर चूक कुठलीच दिसत नाही. उपाय सोपा : लॉक फाइल उघडताना 'ओ_क्लोएक्झेक' द्या (दुसरा प्रोग्राम सुरू होताना डिस्क्रिप्टर आपोआप बंद होतो), आणि छपाई लॉक सोडल्यानंतरच करा. कोण धरून बसलंय ते '/प्रॉक/लॉक्स' मध्ये किंवा 'एलएसलॉक्स' ने दिसतं.

एफलॉकऐवजी 'एफसीएनटीएल' ची पॉसिक्स लॉक वापरणार असाल तर त्यांचा एक जुना, विचित्र नियम पाठ करा : तीच फाइल त्याच प्रोसेसने कुठेही दुसऱ्यांदा उघडून बंद केली की त्या प्रोसेसची त्या फाइलीवरची सगळी लॉक गळून पडतात. तुमच्या कोडने नाही केलं तरी एखाद्या लायब्ररीने आतून तेवढं केलं तरी पुरे. २०१४ मध्ये लिनक्स ३.१५ मध्ये आलेली 'ओएफडी' लॉक या कटकटीतून सोडवतात. ती प्रोसेसला न चिकटता उघडलेल्या फाइलीला चिकटतात.

आणि ही सगळी लॉक सल्ल्याची आहेत. जो प्रोग्राम लॉक मागतच नाही त्याला कर्नल अडवत नाही. अकाउंटवाल्याने टेक्स्ट एडिटरमध्ये 'क्रमांक' उघडून हाताने दुरुस्त केला, तर लॉकचा काही उपयोग नाही. शेल स्क्रिप्टमधूनही 'एफलॉक' कमांड वापरता येते. '-डब्ल्यू १०' दिलं की दहा सेकंद वाट पाहून ती अपयश कळवते. अनंतकाळ थांबण्यापेक्षा मापाऱ्याला 'दुसरा काटा अडकला आहे' हे दिसलेलं बरं.

लॉक न घेताही नंबर एकाचाच करता येतो

फाइल तयार करताना 'ओ_क्रिएट' सोबत 'ओ_एक्सक्ल' दिलं, तर 'नसेल तरच तयार कर' हे कर्नल एका पावलात करतो. आधीच असेल तर 'ईएक्झिस्ट' हा एरर येतो. म्हणजे 'पावत्या/४१८' असं तयार करायला जा. जमलं तर ४१८ तुमचा, ईएक्झिस्ट आला तर ४१९ करून पाहा. किती काटे असले तरी एक नंबर एकालाच. 'एमकेडिर' ही असंच वागतं, म्हणून शेल स्क्रिप्टमध्ये ते सोयीचं पडतं.

पण हीच युक्ती लॉक म्हणून वापरू नका : 'फाइल आहे म्हणजे कुणीतरी आत आहे' असं धरलं की लाइन गेल्यावर फसता. प्रोसेस मेली, मशिन बंद पडलं, पण फाइल तशीच. सकाळी लाइन आली तरी प्रोग्राम म्हणणार कुणीतरी आत आहे. मग कुणी 'दहा मिनिटांपेक्षा जुनी असेल तर पुसा' असा कोड घालतो आणि तिथे पुन्हा बघणं-करणं ही फट उघडते. एफलॉक प्रोसेस मेली की कर्नल स्वतःच सोडतो. आमच्याकडे जिथे वीज पाहुण्यासारखी येते-जाते, तिथे हा फरक मोठा आहे. नंबर वाटायला ओ_एक्सक्ल, आत-बाहेर सांभाळायला एफलॉक.

तात्पुरत्या फाइलींसाठी स्वतः नाव बनवू नका. 'एमकेएसटेम्प' ला शेवटी सहा मोठे एक्स असलेला नमुना द्या. ते नाव ठरवणं आणि ओ_एक्सक्लने उघडणं एकत्रच करतं. लिनक्स ३.११ पासून 'ओ_टेम्पफाइल' आहे. त्यात फाइलीला नावच नसतं, मजकूर पूर्ण झाल्यावर 'लिंकॲट' ने नाव द्यायचं. मधेच लाइन गेली तर कचरा मागे राहत नाही.

जुनी फाइल बदलताना

'क्रमांक' फाइल उघडून, कापून, त्यातच नवा आकडा लिहिला तर मधल्या क्षणी वाचणाऱ्याला रिकामी फाइल दिसते. त्याचा प्रोग्राम रिकाम्याला शून्य समजला तर पुढची पावती १ नंबरची. बरोबर क्रम असा आहे.

त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल तयार करा. '/टेम्प' मध्ये नको, कारण ती वेगळी फाइल सिस्टिम असू शकते आणि रीनेम 'ईएक्सडेव्ह' देऊन नाकारेल. 'एमव्ही' कमांड अशा वेळी गुपचूप कॉपी करून मूळ पुसते, म्हणजे एका पावलाची दोन पावलं. मग लिहा, आणि राइटने किती बाइट लिहिले ते तपासा, डिस्क भरत आली की ते कमीही येतात. मग 'एफसिंक', म्हणजे मजकूर मेमरीतून डिस्कवर पक्का करायला सांगणं. त्याचा निकाल तपासा. मग 'रीनेम', हा एका झटक्यात होतो : वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसेल किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. त्यानंतर ती डिरेक्टरी उघडून तिच्यावरही एफसिंक करा, नाहीतर नावातला बदल डिस्कवर पोहोचेलच याची हमी नाही. या सगळ्यानंतर लॉक सोडा, आणि मग पावती छापा.

छपाई शेवटी का? कारण लाइन जाणं हीसुद्धा शर्यतच आहे, फक्त समोर दुसरी प्रोसेस नसून वीज आहे. पावती आधी छापली, आकडा अजून मेमरीतच होता आणि मशिन बंद पडलं, तर सकाळी तोच नंबर दुसऱ्याला जाणार. एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) सहसा ५ सेकंदांनी कमिट होतं, आणि लिहिलेली पानं मेमरीत ३० सेकंदांच्या आसपास पडून राहू शकतात. २००९ च्या सुमारास एफसिंक न करता रीनेम करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइली मशिन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या झालेल्या सापडू लागल्या. नाव डिस्कवर गेलं होतं, मजकूर गेला नव्हता. त्यानंतर लिनक्स २.६.३० मध्ये एक्स्ट-४ ने रीनेमच्या वेळी मजकूर लवकर लिहून घेण्याची सोय केली. ती सोय आहे, हमी नव्हे.

एफसिंकने एरर दिला तर पुन्हा एफसिंक करून 'आता जमलं' म्हणू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना हे महागात पडल्याचं लक्षात आलं : अपयशानंतर कर्नल ती पानं स्वच्छ मानून मोकळा होऊ शकतो, म्हणून दुसरा एफसिंक खोटं यश देतो. एरर आला की काम थांबवा, पावती देऊ नका, मजकूर नव्याने दुसऱ्या फाइलीत लिहा.

रीनेमबद्दल एक गैरसमज. तो वाचणाऱ्याला अर्धवट फाइलीपासून वाचवतो, हरवलेल्या वाढीपासून नाही. दोघांनी ४१७ वाचून, दोघांनी नीटनेटकी रीनेम करून ४१८ ठेवलं, तरी नंबर दुबारच. लॉक हवंच. आणि रीनेम आधीची फाइल निमूट झाकून टाकतो. तसं नको असेल तर 'रीनेमॲट-२' ला 'नोरिप्लेस' सांगा.

नाव म्हणजे जागा नव्हे

'नाल्याकाठचं वावर' म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं, पण पूर आला आणि नाल्याने पात्र बदललं तर त्याच शब्दांत दुसरं वावर येतं. गट नंबर मात्र तोच राहतो. फाइलीचा पाथ म्हणजे ते बोलीतलं वर्णन, आयनोड म्हणजे गट नंबर. फरक एवढाच की फाइल पुसली गेल्यावर तिचा आयनोड नंबर दुसऱ्या फाइलीला मिळू शकतो. तुमच्याकडे डिस्क्रिप्टर उघडा असेपर्यंत मात्र नाही. म्हणून नियम : एकदा उघडा आणि त्यानंतर सगळं डिस्क्रिप्टरवर करा. 'स्टॅट' नाही, 'एफस्टॅट'. 'चमॉड' नाही, 'एफचमॉड'.

याचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्काने चालणारा प्रोग्राम आधी 'ॲक्सेस' ने विचारतो की या वापरकर्त्याला ही फाइल लिहिता येते का, आणि मग 'ओपन' करतो. मधल्या फटीत वापरकर्ता ती फाइल काढून त्या नावाची, '/ईटीसी/पासवर्ड' कडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवतो. परवानगी एका फाइलीची तपासली, लिहिलं दुसरीत. उपाय म्हणजे ॲक्सेस विचारूच नये. प्रोग्रामने हक्क त्या वापरकर्त्याचे करून घ्यावेत, सरळ ओपन करावं, नाही जमलं तर नाही. 'ओ_नोफॉलो' दिलं की शेवटचा घटक सिमलिंक असल्यास ओपन 'ईलूप' देऊन थांबतं. पण ते फक्त शेवटच्या घटकापुरतं, मधल्या डिरेक्टरींना ते विचारत नाही. पूर्ण पाथसाठी लिनक्स ५.६ मधलं 'ओपनॲट-२' वापरा. त्यात 'सिमलिंक अजिबात नको' किंवा 'या डिरेक्टरीच्या बाहेर जायचं नाही' असं सांगता येतं. जुन्या कर्नलवर एकेक डिरेक्टरी 'ओपनॲट' ने ओ_नोफॉलो देऊन उतरत जायचं.

रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) रूटच्या नावाने जुन्या फाइली पुसणाऱ्या स्क्रिप्ट याच फटीत सापडतात. 'फाइंड' ची यादी 'आरएम' कडे पाइपने पाठवली तर शोधणं आणि पुसणं यांत सेकंद जातात. 'फाइंड -डिलीट' डिरेक्टरी धरून उतरतं, म्हणून ते वापरा. जमलं तर ती स्क्रिप्ट रूटने चालवूच नका.

कर्नलच्या बाजूने

इथपर्यंत फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांचं झालं. जे स्वतः फाइल सिस्टिमचा कोड लिहितात किंवा वाचायला घेतात त्यांच्यासाठी खेळ तोच, फक्त लॉक आपणच पुरवायची.

पहिली गोष्ट लॉकचा क्रम. पांधणीत समोरासमोर दोन बंड्या आल्या की दोघांपैकी कुणालाच पुढे जाता येत नाही. डेडलॉक याहून वेगळा नसतो. पांधणीचा नियम एकच : सगळ्यांनी एकाच दिशेने जायचं. लिनक्समध्ये डिरेक्टरींसाठी तो नियम 'आधी पालक, मग मूल' असा आहे, आणि दोन साध्या फाइलींची लॉक घ्यायची असली तर त्यांच्या आयनोडच्या मेमरीतल्या पत्त्याच्या क्रमाने.

रीनेम इथे सगळ्यात अवघड. समजा 'क' आणि 'ख' या दोन शेजारच्या डिरेक्टरी. एक प्रोसेस 'क' ला 'ख' च्या आत हलवते, त्याच वेळी दुसरी 'ख' ला 'क' च्या आत. 'स्वतःच्याच पोटात तर जात नाही ना' ही तपासणी दोघींनी केली, दोघींना उत्तर मिळालं 'नाही'. दोन्ही कामं झाली तर 'क' हा 'ख' मध्ये, 'ख' हा 'क' मध्ये, आणि दोन्ही झाडापासून तुटून हवेत. मूळ डिरेक्टरीपासून तिथे जायला वाटच नाही, जागा मात्र अडलेली. म्हणून एका डिरेक्टरीतून दुसरीत होणाऱ्या रीनेमसाठी लिनक्स त्या अख्ख्या फाइल सिस्टिमचं एकच म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) आधी घेतं, तोवर झाडाचा आकार दुसरं कुणी बदलू शकत नाही. एकाच डिरेक्टरीतल्या रीनेमला ते लागत नाही.

दुसरी गोष्ट, लॉक मिळाल्यावर पुन्हा तपासा. तुम्ही डिरेक्टरीच्या लॉकची वाट पाहत असताना कुणी तीच 'आरएमडिर' केली असेल. लॉक मिळालं, डिरेक्टरी मेलेली, आणि तुम्ही तिच्यात फाइल तयार करताय. कर्नलमध्ये आयनोडवर 'डेड' खूण असते, लॉकनंतर ती बघून 'ईनोएंट' ('असं काही नाही' हा एरर) परत द्यायचं. लॉकआधी केलेली तपासणी ही फक्त अंदाज, लॉकनंतरची खरी.

तिसरी, अर्धवट वस्तू चव्हाट्यावर मांडू नका. ५०२१ नंबरचा आयनोड मेमरीत नाही आणि दोन थ्रेडना तो एकाच वेळी हवा आहे. दोघेही नवा बनवतात, पण हॅश टेबलमध्ये एकच जातो, 'न्यू' खूण लावून. दुसरा आपला टाकून देतो आणि ती खूण निघेपर्यंत झोपतो. पहिला डिस्कवरून सगळे रकाने भरतो, मगच खूण काढतो. रकाने भरायच्या आधी खूण काढणारा कोड लिहिला तर दुसऱ्याला आकार शून्य आणि मालक चुकीचा असलेला आयनोड दिसतो, तोही हजारातून एकदा.

एखादी वस्तू किती जण वापरताहेत त्या मोजणीचंही तसंच. 'मोजणी शून्य झाली का ते बघ, झाली असेल तर मोकळा कर' यात फट आहे, मधे कुणी शोधून मोजणी परत एक करू शकतो. म्हणून 'कमी कर, आणि शून्य होणार असेल तर लॉक हातात घेऊनच शून्य कर' असा जोड कॉल कर्नलमध्ये आहे. तोच वापरा, स्वतःचा बनवू नका.

सगळ्यात घातक फट फाइलीत भोक पाडताना, म्हणजे मधले ब्लॉक मोकळे करताना. आधी पेज कॅशमधली पानं काढतात, मग ब्लॉक सोडतात. या दोहोंच्या मधे मेमरी-मॅप केलेल्या फाइलीवर पेज फॉल्ट आला (मेमरीत नसलेलं पान कुणी मागितलं) तर जुनं पान परत कॅशमध्ये येतं, सुटत असलेल्या ब्लॉककडे बोट दाखवत. तो ब्लॉक दुसऱ्या फाइलीला मिळाला की एकाचा मजकूर दुसऱ्यात. पूर्वी प्रत्येक फाइल सिस्टिम यावर आपापली तोड काढत असे. लिनक्स ५.१५ पासून (२०२१) प्रत्येक मॅपिंगला सामायिक 'इनव्हॅलिडेट लॉक' आहे : भोक पाडणारा ते एक्सक्लुझिव्ह घेतो, पेज फॉल्ट शेअर्ड घेतो.

स्पिनलॉक (वाट पाहणारा न झोपता फिरत राहतो असं लॉक) धरून झोपू शकणारं काही करू नका, डिस्कची वाट पाहणं तर नाहीच. आणि फाइल सिस्टिमचं लॉक धरून मेमरी मागताना 'नोएफएस' सांगा. नाहीतर मेमरी कमी पडल्यावर कर्नल पानं मोकळी करायला तुमच्याच फाइल सिस्टिमकडे येतो, तेच लॉक मागतो आणि अडकतो.

हे सगळं डोळ्यांनी सापडत नाही. लिनक्स २.६.१८ पासून असलेलं 'लॉकडेप' चालू ठेवा. डेडलॉक प्रत्यक्ष व्हावाच लागत नाही, उलटसुलट दोन्ही क्रम एकेकदा दिसले की ते ओरडतं. 'केसीसॅन' ५.८ मध्ये आलं, ते लॉकशिवाय होणाऱ्या वाचण्या-लिहिण्याच्या धडका पकडतं. व्हर्च्युअल मशिनमध्ये 'एफएसटेस्ट्स' या चाचणीसंचाचा 'क्विक' गट आधी, मग 'ऑटो'. एक युक्ती : लॅपटॉपला ४ कोर असतील तर व्हर्च्युअल मशिनला ८ द्या. तिचे कोर आळीपाळीने मधेच थांबवले जातात, अगदी लॉकच्या आतबाहेर, आणि एरवी न दिसणाऱ्या फटी उघड्या पडतात.

फोल्डर नेटवर्कवर असेल तर

काट्यांचे संगणक लॉगिन न करता शेअर केलेल्या फोल्डरवर लिहीत असतील, तर वरच्या हमींपैकी काही गळतात. एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर वापरण्याच्या एका पद्धतीत) 'ओ_अपेंड' ने दोन मशिननी एकाच फाइलीला जोडलेल्या ओळी एकमेकांवर पडू शकतात, कारण शेवट कुठे आहे ते दूरचं मशिन आधी बघतं आणि मग लिहितं. एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) नेटवर्क फोल्डरवर चालत नाही. सरळ उपाय हा की फाइलीला एकच मशिन हात लावेल, बाकीचे त्याच्याकडे नंबर मागतील. आणि नंबर, नोंदी, शोध असं सगळंच लागत असेल तर त्या मशिनवर एस्क्यूलाइट ठेवा. व्यवहार 'बिगिन इमिजिएट' ने सुरू करा म्हणजे वाचायच्या आधीच लिहिण्याचं लॉक मिळतं, आणि 'बिझी टाइमआउट' ५,००० मिलिसेकंद द्या. नुसत्या 'बिगिन' ने दोघेही वाचतात, आणि लिहायला गेलं की एकाला 'बिझी' येतो.

हंगामाआधीची चाचणी

दोन टर्मिनलवरून प्रत्येकी १०,००० नंबर घ्या, सोबत तिसऱ्या टर्मिनलवर मोठी फाइल कॉपी करत राहा म्हणजे डिस्क दमेल. 'युनिक -डी' ने एकही ओळ देता कामा नये. मग मशिनचा प्लग ओढा. खराच ओढा, शटडाउन कमांड नको, कारण ती सगळं नीट लिहून मगच बंद होते. इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरमागून ओढा. पुन्हा चालू केल्यावर शेवटचा छापलेला नंबर आणि 'क्रमांक' मधला आकडा बघा. फाइलीतला मोठा असला तर चालेल, एक नंबर वाया गेला इतकंच, रजिस्टरमध्ये 'रद्द' लिहा. छापलेला मोठा असला तर एफसिंक कुठेतरी छपाईनंतर होतोय. असं दहा-बारा वेळा करा, दर वेळी वेगळ्या क्षणी.

अर्धवट राहिलेल्या तात्पुरत्या फाइली सुरू होताना पुसायच्या असतील तर 'क्रमांक.लॉक' घेऊनच पुसा. नाहीतर छोट्या काट्याचा प्रोग्राम सुरू होता होता मोठ्या काट्याची आत्ता लिहिली जात असलेली फाइल कचरा समजून उचलेल, आणि रीनेमला 'ईनोएंट' येईल.